जुन्या कॉम्प्युटरला एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नाही तेव्हा

डिस्क जोडल्यावर पडद्यावर चौकट आली की 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?', तर 'कॅन्सल' दाबा. बाकीचा लेख नंतर वाचलात तरी चालेल, पण एवढं आधी करा. कॉम्प्युटरला डिस्कवरची मांडणी वाचता येत नाही, एवढाच त्या चौकटीचा अर्थ. डिस्क रिकामी आहे असं ती सांगत नाही. पुष्कळदा डिस्कवरच्या सगळ्या फायली जिथल्या तिथे असतात, आणि घाईत दाबलेलं 'हो' हाच सगळ्यात मोठा बिघाड ठरतो.

दुसरी गोष्ट, स्वतःला एक प्रश्न विचारा: या डिस्कवर जे आहे त्याची दुसरी प्रत कुठे आहे का? असेल तर खालचं सगळं मोकळेपणाने करून बघा. नसेल तर प्रत्येक पायरीवर हात आखडता ठेवा, आणि डिस्क एकदा का दिसली की आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्या. का दिसत नव्हती याचा शोध नंतर.

शोध घ्यायचा तो बाहेरून आत. आधी वीज, मग केबल, मग पोर्ट, त्यानंतर विंडोज आणि शेवटी डिस्कची मांडणी. नवखा माणूस बहुधा उलटं करतो. इंटरनेटवरून ड्रायव्हर (विंडोजला उपकरण चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम) उतरवतो, सेटिंग बदलतो आणि दोन तासांनी कळतं की केबलच सैल होती. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहून ठेवा. 'मागचा पोर्ट, जुनी केबल, दिवा लागला, डिस्क नाही' एवढी ओळ पुरते. अशा पाच ओळी झाल्या की दोष कुठे आहे ते कागदच सांगायला लागतो.

आधी डिस्कचं ऐका

कॉम्प्युटर चालू करा, पंख्याचा आवाज स्थिर होऊ द्या आणि मग डिस्क जोडा. जोडताना डिस्क सपाट टेबलावर ठेवा आणि तळहात अलगद तिच्यावर टेकवा. फिरणारी डिस्क सुरू होताना हाताला बारीक थरथर जाणवते, कानाला हलकी घरघर ऐकू येते आणि काही सेकंदांत दोन्ही एका लयीत येतात. असं झालं तर डिस्कला वीज मिळते आहे आणि मोटर ठीक आहे. म्हणजे अर्धं काम झालं.

थरथर सुरू होऊन लगेच विरत असेल, पुन्हा सुरू होऊन पुन्हा विरत असेल, तर वीज कमी पडते आहे असं समजा. काहीच हालचाल नसेल तर केबल, ॲडॅप्टर किंवा डिस्कच्या डब्यातलं सर्किट. आणि ठरावीक अंतराने 'टिक्… टिक्… टिक्…' असा कोरडा आवाज येत असेल, तर डिस्कचं हेड, म्हणजे तबकडीवरची माहिती वाचणारं टोक, आपली जागा शोधतंय, ती सापडत नाही म्हणून मागे येतंय आणि पुन्हा प्रयत्न करतंय. या टिकटिकीची दोन कारणं असतात. एक, वीज अपुरी. दोन, डिस्क खरोखर बिघडलेली. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर टिकटिक ऐकून डिस्क गेली असं लगेच ठरवू नका. पण दुसऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरवर चांगल्या केबलनेही तीच टिकटिक आली, तर डिस्क ताबडतोब काढा. तशा अवस्थेत चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट नुकसान वाढवू शकतं.

एक्स्टर्नल एसएसडी असेल तर त्यात फिरणारं काहीच नसतं. तिथे आवाज नाही, थरथर नाही, फक्त दिव्यावर लक्ष ठेवायचं.

जोडल्याबरोबर विंडोज जो 'टुडुंग' आवाज करतं, त्याच्याकडेही लक्ष द्या. एकदाच आला तर कॉम्प्युटरला काहीतरी जोडलं गेल्याचं कळलं. तोच आवाज आणि काढल्याचा आवाज आलटून पालटून येत राहिले, तर जोडणी लागते आहे आणि तुटते आहे. पुन्हा वीज किंवा केबल.

वीज: निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात

एक्स्टर्नल हार्ड डिस्क दोन मापांत येते. खिशात मावणारी अडीच इंची आणि जाडजूड साडेतीन इंची. साडेतीन इंचीला १२ व्होल्टची वीज लागते. साधं यूएसबी फक्त ५ व्होल्ट देतं, म्हणून तिच्यासोबत वेगळा ॲडॅप्टर असतो. अडीच इंची डिस्क मात्र सगळी वीज यूएसबी पोर्टातूनच घेते, आणि जुन्या कॉम्प्युटरशी तिचं तिथेच बिनसतं.

हिशेब असा. यूएसबी २.० च्या पोर्टाने ५०० मिलीअँपिअर द्यायचे असा नियम आहे, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॉट. डिस्क एकदा फिरायला लागली की तिला थोडीच वीज पुरते, पण थांबलेल्या तबकड्या हलवायला सुरुवातीला काही क्षण जोर लागतो, आणि तेवढ्यापुरती कित्येक डिस्कची मागणी एक अँपिअरच्या आसपास जाते. वजनदार हातगाडी ढकलताना पहिला धक्का जड जातो, तसंच. नव्या कॉम्प्युटरला ते पेलतं. जुन्या, थकलेल्या पॉवर सप्लायला पेलत नाही.

माझ्या बहिणीची एक डिस्क होती, तिच्या मुलाच्या लहानपणीचे सगळे फोटो त्यात. जुन्या कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टात ती लावली की 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा संदेश यायचा. मी अख्खी दुपार ड्रायव्हर काढण्यात आणि घालण्यात घालवली. संध्याकाळी सहज डिस्कवर हात ठेवला तर थरथर आली आणि गेली, आली आणि गेली, तिसऱ्यांदा आली आणि गेली. केबल पुढून काढून कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावली. डिस्क एका दमात फिरली आणि अर्ध्या मिनिटात फोल्डर उघडले. त्या दिवसापासून मी विंडोजला हात लावण्याआधी डिस्कला हात लावतो.

पुढचा आणि मागचा पोर्ट यांत फरक का पडतो ते समजून घ्या. आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्याच्या मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असतात. पुढचे पोर्ट आतून एका बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. त्या वायरीत आणि तिच्या कनेक्टरमध्ये थोडा व्होल्टेज पडतो, जुन्या कॅबिनेटमध्ये जरा जास्तच. म्हणून पहिला नियम, डिस्क नेहमी मागे लावायची. कीबोर्डवरच्या किंवा मॉनिटरवरच्या पोर्टात लावायची नाही. स्वतःचा ॲडॅप्टर नसलेल्या हबमध्ये (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत) तर नाहीच, कारण तिथे एका पोर्टाचे ५०० मिलीअँपिअर सगळ्यांत वाटले जातात आणि नियमाप्रमाणे प्रत्येक भोकाला जेमतेम १०० येतात.

मागच्या पोर्टानेही भागलं नाही तर दोन उपाय आहेत. एक म्हणजे स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब. हब भिंतीतून वीज घेतो, कॉम्प्युटरवर ताण येत नाही. जुना लॅपटॉप असेल तर माझ्या मते हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. दुसरा उपाय दुतोंडी केबलचा. तिला वाय-केबल म्हणतात. तिच्या कॉम्प्युटरकडच्या टोकाला दोन पिना असतात, एकीतून माहिती आणि वीज, दुसरीतून फक्त वीज. दोन्ही पिना शेजारशेजारच्या पोर्टात लावायच्या. तोवर वेबकॅम, पंखा, चार्जिंगला लावलेला फोन असं बाकीचं सगळं पोर्टांतून काढून टाका.

साडेतीन इंची डिस्कच्या ॲडॅप्टरबाबत एक कळकळीची सूचना. पिन बसते म्हणून कुठलाही ॲडॅप्टर लावू नका. लॅपटॉपच्या कित्येक ॲडॅप्टरांची पिन तशीच दिसते, पण त्यातून १९ व्होल्ट येतात. डिस्कचं सर्किट त्याने क्षणात जळतं. ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि गोलाच्या खुणेतली अधिक-उणे चिन्हं दोन्हीकडे सारखी. आणखी एक लक्षात ठेवा, डिस्कचा दिवा लागला म्हणजे ॲडॅप्टर चांगला असं नाही. दिव्याला चिमूटभर वीज पुरते, मोटरीला पुरत नाही. म्हातारा झालेला ॲडॅप्टर दिवा लावतो आणि मोटर फिरवायची वेळ आली की मान टाकतो.

केबल आणि पोर्ट

केबल बदलून बघणं सगळ्यात सोपं, म्हणून ते टाळू नका. लांब केबलीत वीज वाटेतच कमी होते, तेव्हा आखूड घ्या. एक्स्टेन्शन लावून वाढवलेली केबल तर नकोच. फोनसोबत आलेल्या काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतात. तसल्या केबलने डिस्क छान फिरेल, दिवाही लागेल, पण कॉम्प्युटरला तिचा पत्ता लागणार नाही.

यूएसबी ३.० च्या अडीच इंची डिस्कना बहुधा चपटी, रुंद, मध्ये खाच असलेली पिन असते, जणू दोन पिना एकमेकींना चिकटवल्या आहेत. ही पिन डिस्कच्या बाजूला सैल पडण्याचं प्रमाण फार. ती खोचल्यावर बोटाने किंचित हलवून बघा. हलवल्यावर डिस्क येत-जात असेल तर दोष सापडला. या रुंद खोबणीची एक उपयोगी गोष्ट अशी, की तिच्या मोठ्या भागात जुन्या अँड्रॉइड फोनची साधी मायक्रो-यूएसबी पिन नेमकी बसते. डिस्क मग यूएसबी २.० च्या वेगाने चालते. रुंद केबल हाताशी नसेल, किंवा तिचा वेगवान भाग कुरकुर करत असेल, तर फायली काढून घ्यायला एवढं पुरतं. पिन मात्र जबरदस्तीने कोंबू नका. डिस्कच्या बाजूचं हे सॉकेट नाजूक असतं.

पोर्ट तपासायला त्यात माऊस किंवा पेन ड्राइव्ह लावा. ते चाललं तर पोर्टातून माहिती जाते-येते एवढं कळतं. डिस्कपुरती वीज मिळेल याची हमी त्यातून मिळत नाही. पोर्टात धूळ साचली असेल तर कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा.

एक साधा उपाय इथेच करून टाका. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतली वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि सगळं पुन्हा जोडून चालू करा. एखाद्या पोर्टाने आधीच्या ओढाताणीत स्वतःला बंद करून घेतलं असेल, तर तो याने कधीकधी शुद्धीवर येतो.

डिस्क लावलेली असताना कॉम्प्युटर सुरूच होत नाही, कंपनीच्या चिन्हावर अडकतो, ही तक्रार वेगळी आणि सोपी आहे. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, त्या डिस्कवर विंडोज शोधत बसतं. डिस्क काढून कॉम्प्युटर सुरू करा, मग जोडा. कायमचा उपाय हवा तर बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात आतली हार्ड डिस्क सगळ्यात वर आणा.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा

इथपर्यंत येऊनही डिस्क दिसली नाही तर ती तीच केबल घेऊन दुसऱ्या, शक्यतो नव्या कॉम्प्युटरला लावा. वाट इथे दुभंगते. तिथे दिसली तर डिस्क आणि केबल ठीक आहेत, जुन्या कॉम्प्युटरवर काम करायचं. फायली तिथेच उतरवून घ्या, मग निवांतपणे पुढचं वाचा. तिथेही दिसली नाही तर जुन्या कॉम्प्युटरला दोष देऊ नका, थेट 'डिस्कच आजारी असेल तर' या भागाकडे वळा.

विंडोजच्या आत: डिव्हाइस मॅनेजर

'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करा, 'मॅनेज' निवडा. डाव्या बाजूला 'डिव्हाइस मॅनेजर' आणि 'डिस्क मॅनेजमेंट' अशी दोन नावं दिसतील. आधी डिव्हाइस मॅनेजर.

पिवळ्या त्रिकोणाची किंवा उद्गारचिन्हाची खूण कुठे आहे ते बघा. 'अननोन डिव्हाइस' दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल' करा, डिस्क काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि डिस्क पुन्हा लावा. विंडोज तिची ओळख नव्याने करून घेतं. तेवढ्याने भागलं नाही तर 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' या गटातल्या नोंदी काढून रीस्टार्ट करतात, पण कीबोर्ड-माऊस यूएसबीचे असतील तर ते मध्येच बंद पडतील हे आधीच लक्षात घ्या. रीस्टार्टनंतर परत येतात.

त्याच गटात 'यूएसबी रूट हब' असतो. त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी देणारी खूण काढून टाका. रूट हब चार असतील तर चारही ठिकाणी. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप गायब होणारी डिस्क पुष्कळदा यानेच ताळ्यावर येते.

कुठलं विंडोज आहे यावरही अवलंबून आहे. विंडोज एक्सपीला यूएसबी २.० ची ओळख सर्व्हिस पॅक १ (विंडोजचं मोठं अपडेट) पासून झाली, त्याआधीचं असेल तर सर्व्हिस पॅक घालावाच लागेल. यूएसबी ३.० चे ड्रायव्हर विंडोजमध्ये आतूनच यायला लागले ते विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून. विंडोज ७ असलेल्या कॉम्प्युटरवर निळा, म्हणजे यूएसबी ३.० चा, पोर्ट मेल्यासारखा वाटत असेल तर त्याचा ड्रायव्हर घातलेला नसावा. तोवर काळा पोर्ट वापरा. ड्रायव्हर घ्यायचा तो मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये दुरुस्त करू' म्हणणाऱ्या प्रोग्रामना घरात घेऊ नका.

डिस्क मॅनेजमेंट: इथे वेळ द्या

ही खिडकी शांतपणे वाचायला शिकलात तर बाकी कुणाला विचारावं लागणार नाही. खालच्या अर्ध्यात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. डिस्क ०, डिस्क १ अशी. तुमची एक्स्टर्नल डिस्क तिच्या आकारावरून ओळखा. १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबीच्या आसपास दिसते. काही हरवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

पट्टी निळी आहे, 'हेल्दी' लिहिलंय, पण सी, डी असं ड्राइव्हचं अक्षर नाही, असं दिसलं तर खुशाल हसा. पट्टीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'ॲड', आणि मागच्या रांगेतलं एखादं अक्षर, आर किंवा टी वगैरे. एक्सपीमध्ये ही अडचण नेहमीची. एखाद्या नेटवर्क ड्राइव्हने जे अक्षर आधीच घेतलंय तेच विंडोज नव्या डिस्कला देतं आणि मग दोघांतलं एकच दिसतं. डिस्क 'ऑफलाइन' असेल तर डावीकडच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा.

पट्टी काळी आहे आणि 'नॉट इनिशियलाइज्ड' किंवा 'अनॲलोकेटेड' लिहिलंय, तर थांबा. विंडोज लगेच 'इनिशियलाइज' करू का म्हणून विचारतं. नव्या कोऱ्या डिस्कला ते ठीक. ज्यात फायली होत्या त्या डिस्कला नाही म्हणा, कारण ते डिस्कच्या सुरुवातीचा नकाशा नव्याने लिहितं. 'रॉ' लिहिलेलं असेल तर मांडणी वाचता येत नाही एवढं ते सांगतंय, तिथेही फॉरमॅट नको.

आता एक खास जुन्या कॉम्प्युटरांचं दुखणं. पट्टीवर 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' असं लिहिलेलं असतं, राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय पुसट. डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. एमबीआरमध्ये प्रत्येक सेक्टरला, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याला, ३२ बिटांचा क्रमांक असतो आणि सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की २ टीबीवर गाडी थांबते. त्यापेक्षा मोठ्या डिस्क म्हणून जीपीटीत बांधतात, आणि ३२-बिट विंडोज एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही. व्हिस्टापासून पुढे येतं. अशी डिस्क बिघडलेली नसते, एक्सपीला ती लिपी येत नाही इतकंच. एक्सपीवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

याचीच उलटी बाजूही एकदा समोर आली. काही मोठ्या एक्स्टर्नल डिस्कच्या डब्यातलं सर्किट कॉम्प्युटरला ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतं, म्हणजे एमबीआर असूनही ३ टीबीची डिस्क एक्सपीवर पूर्ण चालते. मोठी सोय. पण पुढे कुणी डबा उघडून तीच डिस्क थेट कॉम्प्युटरच्या आत जोडली की सेक्टर पुन्हा ५१२ चे होतात, नोंदीतले सगळे आकडे चुकतात आणि डिस्क रिकामी भासते. अशा वेळी ती पुन्हा जुन्या डब्यात घाला, फायली परत दिसतात. तसंच ३ टीबीची डिस्क कुठे ७४६ जीबी दिसली तर ती चोरीची किंवा नकली नव्हे. २ टीबीपर्यंत मोजून आकडा पुन्हा शून्यापासून सुरू झालाय. अशा जोडणीवर त्या डिस्कवर काही लिहू मात्र नका.

डिस्कची भाषा

जीपीटी-एमबीआर ठीक असूनही 'फॉरमॅट करू का' विचारलं जात असेल तर फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत, बघा. एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट३२ ही अशा पद्धतींची नावं. एनटीएफएस एक्सपीपासूनच्या सगळ्या विंडोजना येते. एक्सफॅट विंडोज व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅक १ पासून आतूनच येते, एक्सपीला वेगळं अपडेट घालावं लागतं. लिनक्स या विंडोजला पर्यायी मोफत प्रणालीच्या गाभ्यात एक्सफॅट आली ती ५.४ या आवृत्तीत, २०१९ साली. त्याआधीच्या लिनक्सवर वेगळं पॅकेज लागतं. मॅकवर १०.६.५ पासून एक्सफॅट चालते, एनटीएफएस फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला मुळातच वाचता येत नाही. नव्या मॅकवर एपीएफएसमध्ये केलेली डिस्क जुन्या मॅकलाही कळत नाही.

डिस्क दिसते, छोट्या फायली जातात, पण लांब व्हिडिओ टाकताना अडतं, ही फॅट३२ ची खूण. तिच्यात एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी. जुनं विंडोज अशा वेळी कधीकधी 'जागा पुरेशी नाही' म्हणतं आणि माणूस मोकळी जागा मोजत बसतो.

एक्सपीवर जीपीटी किंवा एक्सफॅट अडली असेल आणि दुसरा कॉम्प्युटर जवळ नसेल, तर लिनक्सची लाइव्ह सीडी किंवा पेन ड्राइव्ह वापरा. जुनाच कॉम्प्युटर त्यावरून सुरू होतो, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही आणि लिनक्सला या सगळ्या लिप्या येतात. तिथल्या फाइल मॅनेजरमध्ये डिस्क दिसली की हव्या त्या फायली आतल्या डिस्कवर ओढून घ्या. खूप जुन्या मशीनचं बायोस पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाही, तिथे सीडी किंवा डीव्हीडीच लागते.

दिसते, पण मुंगीच्या पावलांनी

पोर्ट यूएसबी १.१ चा असेल तर वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम १ एमबी. १०० जीबी उतरवायला जवळपास २८ तास. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, तेच काम तासाभरात होतं. हा बिघाड नव्हे. डेस्कटॉपमध्ये रिकामा स्लॉट असेल तर यूएसबीचं कार्ड बसवता येतं. जुन्या पीसीआय स्लॉटसाठी २.० चं, पीसीआय एक्सप्रेससाठी ३.० चं. ३.० चं कार्ड घेताना पॉवर सप्लायची वेगळी वायर लावायची सोय असलेलं घ्या, नाहीतर विजेची रड पुन्हा तीच.

पण पूर्वी वेगवान असलेली डिस्क अचानक रखडायला लागली, फोल्डर उघडताना खिडकी गोठायला लागली, तर विषय वेगळा.

डिस्कच आजारी असेल तर

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती दाखवणारे मोफत प्रोग्राम आहेत, क्रिस्टलडिस्कइन्फो त्यांपैकी एक. त्यात ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. पहिली बदललेल्या सेक्टरांची, दुसरी वाचायला अडलेल्या सेक्टरांची. मूळ आकडे शून्य असले तर उत्तम. शून्य नसून दर वेळी वाढत असतील तर डिस्कवरून आजच फायली काढा. जुन्या डब्यांतली काही सर्किटं ही नोंद पुढे जाऊ देत नाहीत, तेव्हा काहीच दिसलं नाही म्हणून डिस्क निरोगी समजू नका.

अशा डिस्कवर विंडोजचा डिस्क तपासणारा चेकडिस्क हा प्रोग्राम चालवू नका. बरेच जण हाच पहिला सल्ला देतात आणि मला तो पटत नाही. चेकडिस्क मांडणी दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं, न जुळणाऱ्या नोंदी उडवतं, आणि थकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवतं. आधी सगळ्यात मौल्यवान फोल्डर कॉपी करा, तेही थोडे थोडे. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढची घ्या. थोडी माहिती असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आख्ख्या डिस्कची प्रत काढतो. चांगला भाग आधी वाचतो, खराब भागाकडे शेवटी वळतो. मग काय दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर करा.

डिस्क फिरते, टिकटिक नाही, तरी कुठल्याच कॉम्प्युटरला दिसत नाही, तर दोष डब्यातल्या छोट्या यूएसबी सर्किटचा असू शकतो. आतली डिस्क साटा या (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कना असते तशा) साध्या जोडणीची असेल तर ती दुसऱ्या डब्यात घालून बघता येते. काही डिस्कमध्ये मात्र यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डावर असतं, आणि काहींचं सर्किट माहिती गुप्त लिपीत साठवतं. तिथे डबा बदलून भागत नाही.

आणि खुद्द डिस्कचं झाकण कधीही उघडू नका. आत हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. हवेतला साधा धुळीचा कण त्या फटीच्या कित्येक पट मोठा. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. टिकटिकणारी डिस्क आणि दुसरी प्रत नाही, अशी वेळ असेल तर ती बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी.

चालू झाली की लगेच

विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला. अशा कॉम्प्युटरला डिस्क लावताना इंटरनेट काढून ठेवा. डिस्क काढताना खाली घड्याळाजवळच्या 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर'वरून काढा, संदेश येऊ द्या, डिस्क थांबल्याचं हाताला जाणवू द्या, मग केबल ओढा. जुन्या विंडोजमध्ये कॉपी झाली असं दिसलं तरी काही भाग अजून मेमरीतच लिहायचा राहिलेला असू शकतो.

शेवटी, जे जुळलं ते लिहून डिस्कलाच चिकटवा. बहिणीच्या डिस्कच्या पाठीवर अजून पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईत लिहिलेलं आहे: 'मागचा पोर्ट, वरून दुसरा. आखूड काळी केबल. एनटीएफएस. अक्षर आर. फोटोंची दुसरी प्रत कपाटातल्या डिस्कवर.'